ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं

मला ती खोली हवी होती. समाजसेवा वगैरे सगळं मागाहून सुचलेलं.

रानशेतच्या पुढे डोंगरावर परदेशी पाहुण्यांसाठी बांधलेलं एक निवास होतं. देशोदेशीची माणसं तिथे येऊन राहायची, पाड्यांवर जाऊन दगडांचे बांध घालायची, झाडं लावायची आणि उन्हानं भाजून निघून आपापल्या देशी परत जायची. आसपासचे लोक त्याला गोऱ्यांचं घर म्हणत, येणारे सगळेच काही गोरे नसत तरी. तिथलं स्वयंपाकघर आणि खोल्या सांभाळायला एक बाई हवी होती आणि तिला मागच्या अंगाला स्वतंत्र खोली मिळणार होती. आमच्या शेजारी राहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "खोलीला आतून कडी आहे का हो?"

"खोली म्हटली की कडी असणारच," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात तीन खोल्या होत्या, त्यांना माझा प्रश्न कळण्यासारखा नव्हता.

माझं सासर तलासरीचं. नवरा सरकारी कचेरीत कामाला. मूल होत नाही म्हणून त्यानं दुसरी आणली आणि मला म्हणाला, "तूही राहा की, कामाला माणसं लागतातच." मी माझी पत्र्याची ट्रंक उचलली आणि डहाणूला माहेरी आले. माहेरी चिकूची वाडी, दादा, वहिनी, त्यांची मुलं. मी माजघरात झोपायची. माजघर म्हणजे मागच्या दारी जायची वाट, त्यामुळे रात्री जो उठेल तो मला ओलांडून जायचा. दादा मला कधी वाकडा शब्द बोलला नाही, हे आधीच सांगून टाकते. वहिनीही साधी होती. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. भांडायचं तरी कुणाशी?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी निवासाकडे निरोप धाडला. तिकडून उलट निरोप आला की एक दिवस येऊन काम करा, त्याचे पैसे मिळणार नाहीत, मग बघू. ही तिथली रीतच होती. निवास चालवणारी बाई परदेशातली, पण इतकी वर्षं इथे राहिलेली की सगळे तिला मोठी बाई म्हणत. शिक्षिकाबाईंनी मला आणखी एक सांगून ठेवलं. याआधी ठेवलेल्या दोघीजणी टिकल्या नव्हत्या. घरून कुणीतरी न्यायला आलं की पदर सावरत त्याच्यामागून निघाल्या. आता मोठ्या बाईला टिकणारी बाई हवी होती.

दादाला मी म्हटलं, "एक दिवस डोंगरावर सेवा करायला जाते." सेवा हा शब्द दादाला फार आवडे.

"जा ना," तो म्हणाला. "संध्याकाळी मी न्यायला येतो."

मी बरं म्हटलं. संध्याकाळचं संध्याकाळी बघू, असं ठरवून पहिल्या एस.टी.त बसले.

भातकापणी उरकली होती. गंजाडला टोपल्या घेऊन बाया चढल्या, रानशेतला मी उतरले आणि पायवाटेनं डोंगर चढायला लागले. थंडी होती तरी वर पोचेपर्यंत घाम फुटला. मोठी बाई अंगणात गाद्या उन्हात टाकत होती. उंच, पिकल्या केसांची, अंगावर खादीचा ढगळ झगा. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आली का? ह्ये दुसरं टोक धर." तिचं मराठी ती पाड्यांवर शिकलेली, त्यामुळे बोलणं थेट वारली बायांसारखं. मला हसू आलं, पण मी गादीचं टोक धरलं.

मग मी जी कंबर कसली ती दुपारपर्यंत सोडली नाही. खोल्या झाडल्या, पाणी भरलं, पलंगांच्या चादरी बदलल्या, डाळ चढवली, पापडीच्या शेंगा मोडल्या, भात टाकला. चुलीपाशी एक वारली बाई होती, माझ्याहून वयानं बरीच मोठी. ती तांदळाचं पीठ मळत होती. माझ्याकडे दोनदा निरखून पाहून तिनं विचारलं, "तू वाडीवाल्याची भईन ना?"

चिकूच्या मोसमात ती आमच्या वाडीत चिकू धुवायला, निवडायला यायची. मी हो म्हटलं. आम्ही दोघी भाकऱ्या थापत राहिलो. माझ्या भाकऱ्या टम्म फुगत होत्या. मोठी बाई दारातून डोकावून गेली तेव्हा मी मुद्दाम एक फुगलेली भाकरी तव्यावर जरा जास्त वेळ ठेवली.

जेवायला सगळे ओसरीवर जमले. चटया टाकलेल्या, मधोमध पातेली, कडेला ताटांची चळत. मोठी बाई मला म्हणाली, "इथे ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. ताट ज्याचं त्यानं धुवायचं."

मी मान डोलावली. आता आमच्याकडेही पाहुण्यांना म्हणतातच, घर आपलंच समजा, हवं ते मागून घ्या. म्हणून कुणी पाहुणा उठून दुसऱ्याच्या पातेल्यात हात घालतो का? हे बोलायचं असतं आणि आपण वाढायचं असतं. मोठी बाई इतकी वर्षं इथे राहून आपल्या रीतीभाती शिकली, असंच मला वाटलं. मी पदर खोचला, डाव उचलला आणि वाढायला लागले.

वाढण्यात मला कुणी हरवू शकत नाही. आग्रह तर असा केला की लग्नघरातही होत नाही. आफ्रिकेतून आलेला एक उंच शाळामास्तर होता. त्यानं पुरे म्हणून दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तर मी भाकरी त्याच्या हातांवरच ठेवली. सगळे हसले. मला वाटलं, खूश झाले. जेवणं आटोपली तसं मी एकेकाच्या हातातून ताट ओढून घेऊ लागले. एक मुलगी ताट सोडेना. मी तिच्यापेक्षा जोरात ओढलं. सगळी भांडी घासून पालथी घातली आणि मग स्वयंपाकघरात खाली बसून, पातेल्याच्या तळाशी उरलेल्या भातावर उरलीसुरली डाळ ओतून घेतली. खोली आपली झाली, असं मनाशी म्हणत होते.

पहिला घास तोंडात जायच्या आत मोठी बाई दारात उभी राहिली.

"तू आमच्यात जेवाला बसली नाय."

"मी मागाहून बसते."

"उपवास हाय का तुझा?"

तिनं हे ज्या सुरात विचारलं त्यानं मी घास खाली ठेवला. डहाणू रोडकडच्या चांगल्या घरच्या बायका कधीमधी तिथे सेवेला यायच्या, तिनं सांगितलं. जुने कपडे आणायच्या, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. आणि जेवायची वेळ झाली की एकजात सगळ्यांचा उपवास निघायचा. चुलीपाशी बसलेल्या वारली बाईकडे बोट करून ती म्हणाली, "हिच्याजवळ बसावं लागतं ना, म्हणून."

माझं पित्त खवळलं. सकाळपासून राबत होते ते याच्यासाठी? "माझं तसं काही नाही," मी म्हटलं. "मी घरीपण सगळ्यांच्या मागून जेवते. रोज. उरलेलं."

"आणि तुझ्या घरी मजूर कुठे जेवतात?"

मजूर आमच्याकडे विहिरीपलीकडे आंब्याखाली बसायचे. पानावर. आणि हे सांगणार कुणासमोर, तर चुलीपाशी बसलेली बाई स्वतःच त्या आंब्याखाली जेवलेली. ती लाकडं आत सारत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"मग तू कशासाठी बसली नाय ते मला कसं कळणार?" मोठी बाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "काम चांगलं करतेस. पण हितं येणाऱ्याला आम्ही सांगतो, हितं कोण मालक नाय, कोण नोकर नाय. तू सगळ्यांची नोकर झालीस तर मी त्यांना काय सांगू? भाऊ येईल ना न्यायला? जा त्याच्याबरोबर."

ती वळून गेली. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. एवढ्या भाकऱ्या, एवढी भांडी, आणि खोली गेली कशापायी, तर मी नीट वागले म्हणून! मला लहानपणापासून जे जे चांगलं म्हणून शिकवलं ते नेमकं इथे चालत नव्हतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग उठले, मोठी बाई मागच्या अंगणात होती तिथे गेले आणि म्हटलं, "संध्याकाळचा स्वयंपाकपण मीच करणार आहे. मला एक दिवस बोलावलंत ना? दिवस अजून संपलेला नाही."

तिनं खांदे उडवले. पण नाही म्हणाली नाही.

दुपारभर मी काम उपसलं. गाद्या उचलून आत टाकल्या, तांदूळ निवडले, लाल भोपळा चिरला. विळीवर भोपळा असा कचाकचा चिरत होते की वारली बाईनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोट कापशील."

"कापू दे."

ती हसली. मग बराच वेळ ती लसूण सोलत होती. एकदम म्हणाली, "तुमच्या वाडीत मला कोणी बस म्हटलं नाय. आता मी म्हणते तुला. सांजच्याला माझ्याजवळ बस."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "बसते, मावशी." आमच्या वाडीत तिला सगळे 'ए बाय' म्हणत. मावशी म्हणताना मला अवघडल्यासारखं झालं, आणि तिलाही झालं असावं, कारण ती उगाचच सोललेला लसूण पुन्हा पाखडायला लागली.

निवासावर संध्याकाळी उजेड असतानाच जेवत. ओसरीवर पातेली मांडली. मी ताट घेतलं, चटईवर मावशीशेजारी जाऊन बसले आणि सगळ्यांच्या आधी माझ्या ताटात भाकरी घेतली. सांगायला सोपं वाटतं. पण पुरुष उभे आहेत, पाहुणे उभे आहेत आणि आपण बसून भाकरी मोडतोय, ह्यानं माझे कान तापले होते. मी मान खाली घालून एक घास खाल्ला. मग दुसरा.

तेवढ्यात दादा आला. मोटारसायकल खाली ठेवून डोंगर चढून आलेला, धापा टाकत. मला अशी पंगतीत बसलेली पाहून तो पायरीवरच थबकला.

"या, जेवाला बसा," मोठी बाई त्याला म्हणाली.

दादानं चटईवर नजर फिरवली. परदेशी पोरं, आफ्रिकेतला मास्तर, वारली बाई, सगळे एकत्र. "नको, नको," तो घाईघाईनं म्हणाला. "आज माझा उपवास आहे."

मोठ्या बाईनं हळूच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. आणि त्याच क्षणी मला भयंकर राग आला.

"दादा, पहाटे मी निघायच्या आधीच तू बोंबील खाऊन वाडीत गेलास," मी म्हटलं. "मीच तळले होते."

मावशीनं तोंडाला पदर लावला. दादाचा चेहरा पडला. पण तो मुळात सज्जन माणूस. खोटं पकडलं गेल्यावर रेटून नेणं त्याला जमत नाही. त्यानं चपला काढल्या, पाय धुतले आणि मास्तरानं सरकून केलेल्या जागेत, माझ्या समोरच मांडी घालून बसला. कुणीतरी त्याच्यापुढे ताट सरकवलं.

आणि तो वाट पाहत बसला.

सगळे जेवत होते. भाताचं पातेलं त्याच्या हातभर अंतरावर, डाव त्यातच रोवलेला. पुढ्यात रिकामं ताट, बाह्या दुमडलेल्या, डोळे ताटावर. रुसून नव्हे. असंच असतं, ताटासमोर बसलं की ताट भरतं, हे त्याला चाळीशीपर्यंत कधी चुकलेलं नव्हतं.

माझे हात शिवशिवायला लागले. त्याच्या ताटात काय कुठे ठेवायचं ते मला झोपेतही जमलं असतं. आधी दोन भाकऱ्या, भाजी उजवीकडे, लोणचं अगदी कडेला, भाताचं आळं करून त्यात डाळ, डाळीवर लिंबू. माझा डावा हात पातेल्याकडे निघालासुद्धा. मी तो मांडीखाली दाबून धरला. मोठी बाई दादाकडे पाहत नव्हती, ती माझ्याकडे पाहत होती.

"अगं..." दादा म्हणाला.

आमच्या घरात 'अगं' एवढंच पुरतं. त्याचा अर्थ ऊठ, पाणी आण, मीठ आण, मूल रडतंय ते बघ. आयुष्यभर मी त्या एका शब्दावर उठत आले. आत्ताही गुडघे हलले. माझ्या मनात आलं, हा आता उठेल, रागानं चालू लागेल आणि मला हाक मारेल. मग मी स्वतःला बजावलं, तो उठला तरी तू उठायचं नाहीस.

"भात तुझ्यासमोरच आहे, दादा," मी म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

भाषा न कळणाऱ्यांनाही काहीतरी चाललंय हे कळलं होतं. दादानं डावाकडे पाहिलं. हात पुढे केला, डाव उचलला, भातात घातला आणि तिथेच थांबला. मग माझ्याकडे वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बारीक आवाजात त्यानं विचारलं, "मला किती लागतो गं?"

मी हसणारच होते, पण तो खरंच विचारत होता. तिन्ही त्रिकाळ भात खाणारा माणूस, पण आपल्याला किती भात लागतो हे त्यालाच माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, आई होती तेव्हा तिला होतं.

"भूक असेल तेवढा घे," मी म्हटलं.

त्यानं एक डाव घेतला. पाहिलं, आणखी अर्धा घेतला. डाळ घेताना ती चटईवर सांडली, ती त्यानं हातानं पुसली. मग मुकाट्यानं जेवला. जेवण झाल्यावर मास्तरानं त्याला खूण करून मोरीवर नेलं आणि राख कशी घ्यायची, ताट कसं घासायचं ते करून दाखवलं. परक्या माणसाला खुणेनं नाही कसं म्हणायचं हे दादाला सुचलं नसावं. घासलं त्यानं ताट.

हात पुसत तो अंगणात आला. "चल, अंधार पडेल."

"मी येत नाही दादा. इथे काम मिळालं तर राहणार आहे. नाही मिळालं तर दुसरीकडे बघेन, पण माजघरात नाही."

मोठी बाई दारात उभी होती, तिनं ऐकलं. ऐकू दे, म्हणून मी आवाज कमी केला नाही.

"लोक काय म्हणतील? भाऊ पोसत नाही म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला घरी काय कमी आहे, ते तरी सांग," तो म्हणाला. तो रागावला नव्हता, त्याला खरंच दुखलं होतं. हा प्रश्न त्यानं आधीही विचारलेला, आणि प्रत्येक वेळी मी उत्तर शोधत बसायची. या वेळी उत्तर आधीच तोंडावर आलं होतं.

"मला किती लागतं, दादा?"

"काय?"

"जेवायला. मी किती भाकऱ्या खाते? भात किती घेते? सांग ना."

सटकन काहीतरी ठोकून देईल असं मला वाटलं होतं. पण तो विचार करायला लागला. कपाळाला आठ्या घालून, खाली बघून, मनापासून आठवायला लागला. मी परत आल्यापासूनचं, मग लग्नाच्या आधीचं, त्याच्याही मागचं, आम्ही लहान असतानाचं.

"मी तुला जेवताना कधी पाहिलंच नाही गं," तो शेवटी म्हणाला.

त्याचे डोळे भरून आले होते. माझेही. तो खाली जायला वळला, पुन्हा मागे फिरला, आणि घरातला कर्ता पुरुष या नात्यानं मोठ्या बाईला म्हणाला, "बाई, हिला इथे राहू द्या. माझी परवानगी आहे."

"ती जेवाला बसली तेव्हाच राहिली," मोठी बाई म्हणाली. "तुम्हाला कोणी विचारलंय?"